हृदयविकाराचे आहार व जीवनशैलीविषयक धोक्याचे घटक : उल्हासनगर कॅम्प ४ परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
हृदयविकार हा केवळ श्रीमंतांचा, वृद्धांचा अथवा 'टेन्शन' घेणाऱ्यांचा आजार आहे, असा समज समाजात आजही आढळतो. वस्तुतः हा आजार वर्षानुवर्षांच्या दिनक्रमातून घडत जातो. स्वयंपाकघरातील तेल व मीठ, कामाच्या ठिकाणचे बैठेपण, तंबाखूचे व्यसन, अपुरी झोप आणि तपासणीबाबतची उदासीनता हे त्याचे प्रमुख घटक होत. प्रस्तुत लेखात या घटकांचे स्वरूप, त्यांचा हृदयावर होणारा परिणाम आणि उल्हासनगर कॅम्प ४ सारख्या कष्टकरी व व्यापारी वस्तीत ते कसे एकत्र येतात, याचे विवेचन केले आहे. मोजमापाच्या साध्या घरगुती पद्धतींच्या आधारे हे घटक बरेचसे आटोक्यात ठेवता येतात, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : हृदयविकार, धोक्याचे घटक, आहार, मीठ, ट्रान्स फॅट, बैठी जीवनशैली, तंबाखू, उल्हासनगर.

१. प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतीय समाजापुढे पटकी, प्लेग, देवी, क्षय व हिवताप या संसर्गजन्य रोगांचे आव्हान होते. लसीकरण, प्रतिजैविके व स्वच्छ पाणी यांमुळे या रोगांची तीव्रता कमी झाली व आयुर्मान वाढले. परंतु त्याच काळात असंसर्गजन्य रोगांनी त्यांची जागा घेतली. 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या राज्यनिहाय रोगभार अभ्यासानुसार १९९० साली भारतातील एकूण मृत्यूंपैकी १५.२ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे झाले होते. २०१६ साली हे प्रमाण २८.१ टक्क्यांवर पोहोचले.

या आकडेवारीहूनही चिंताजनक बाब म्हणजे रुग्णांचे वय होय. दक्षिण आशियातील व्यक्तींना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत हे सरासरी वय ५८.८ वर्षे आहे, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आढळले. ५३ व्या वर्षी मुलांचे शिक्षण पूर्ण झालेले नसते, मुलीचे लग्न व्हायचे असते, घराचे हप्ते चालू असतात. ज्या कुटुंबाचा चरितार्थ एका दुकानावर, एका शिलाई यंत्रावर अथवा एका नोकरीवर चालतो, तेथे कर्त्या व्यक्तीचा हा आजार संपूर्ण कुटुंबाचा आर्थिक कणा मोडणारा ठरतो. म्हणूनच हा विषय वैद्यकशास्त्रापुरता मर्यादित न राहता सामाजिक अभ्यासाचाही विषय बनतो.

२. हृदयविकाराचे स्वरूप :
हृदय हा अखंड काम करणारा स्नायू आहे. या स्नायूला स्वतःसाठी लागणारे रक्त करोनरी धमन्यांमार्फत मिळते. या धमन्यांच्या आतील अस्तराला उच्च रक्तदाब, तंबाखूतील विषारी द्रव्ये किंवा रक्तातील वाढलेली साखर यांमुळे सूक्ष्म इजा होते. रक्तातील एलडीएल हे कोलेस्टेरॉल अशा ठिकाणी अस्तराखाली शिरून साठू लागते. तेथे दाह निर्माण होतो व हळूहळू मेदाचा थर तयार होतो. ही प्रक्रिया तारुण्यातच सुरू होते आणि अनेक वर्षे तिचे कोणतेही लक्षण जाणवत नाही.

धमनी बरीच अरुंद झाल्यावर चालताना किंवा जिना चढताना छातीत दाटून येते. परंतु झटका येण्यासाठी धमनी पूर्ण अरुंद व्हावी लागतेच असे नाही. मेदाच्या थरावरील पातळ आवरण अचानक फाटले तर तेथे रक्ताची गुठळी धरते, रक्तप्रवाह थांबतो व हृदयाच्या स्नायूचा तेवढा भाग मृत होऊ लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. 'काल संध्याकाळपर्यंत तर ठणठणीत होता' असे जे म्हटले जाते, त्यामागील वैद्यकीय वास्तव हे आहे. झटका काही मिनिटांत येतो. पण त्याची तयारी वीस-तीस वर्षे चाललेली असते.

३. 'धोक्याचा घटक' या संकल्पनेचा विकास :
एखादी बाब आजाराची शक्यता वाढवते, परंतु एकटी तो आजार घडवतेच असे नाही, अशा बाबीस 'धोक्याचा घटक' असे म्हणतात. ही संकल्पना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ साली सुरू झालेल्या अभ्यासातून रूढ झाली. तेथील ५,२०९ स्त्री-पुरुषांचे दीर्घकाळ निरीक्षण करण्यात आले. उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध त्यातून स्पष्ट झाला.

भारतातील या विषयाच्या प्रारंभीच्या अभ्यासांत रेल्वे कर्मचाऱ्यांवरील अभ्यासाचे स्थान महत्त्वाचे आहे. पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिणेकडील रेल्वे कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण उत्तरेकडील कर्मचाऱ्यांच्या सुमारे सातपट आढळले. विशेष म्हणजे उत्तरेकडील कर्मचारी स्निग्ध पदार्थ कितीतरी अधिक खात होते. या अभ्यासावरून 'तूप-तेल कितीही खावे' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. केवळ एका अन्नघटकावर बोट ठेवून या आजाराचे स्पष्टीकरण देता येत नाही, हा त्यातून घ्यावयाचा बोध आहे.

हाच बोध २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या ५२ देशांतील अभ्यासाने अधिक ठामपणे मांडला. धूम्रपान, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा लठ्ठपणा, मानसिक-सामाजिक ताण, फळे व भाज्यांचा अभाव, शारीरिक हालचालींचा अभाव आणि मद्यपानाची सवय हे नऊ घटक विचारात घेतले असता, हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा पुरुषांतील ९० टक्के व स्त्रियांतील ९४ टक्के धोका त्यांच्याशी निगडित असल्याचे दिसून आले. यांतील बहुतेक घटक बदलता येण्याजोगे आहेत. आनुवंशिकता व वय बदलता येत नाही, हे खरे. परंतु 'नशिबात होते' असे म्हणण्यास फारशी जागा उरत नाही.

४. परिसराची पार्श्वभूमी :
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसवून या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे पाच विभाग पुढे 'कॅम्प' या नावानेच रूढ झाले. त्यांपैकी विठ्ठलवाडी स्थानकाच्या पूर्वेस असलेल्या कॅम्प ४ मध्ये मराठा सेक्शन, सुभाष टेकडी, लालचक्की यांसारख्या भागांत मराठी भाषकांची मोठी वस्ती आहे. सिंधी, मराठी व उत्तर भारतीय कुटुंबांच्या शेजारामुळे येथील खाद्यसंस्कृतीही मिश्र बनली आहे. मराठी घरात रविवारी दाल पकवान येते, तर सिंधी घरात संध्याकाळी वडापाव.

२०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ इतकी होती, तर शहराचे क्षेत्रफळ अवघे १३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे प्रत्येक चौरस किलोमीटरमागे सुमारे ३९ हजार माणसे राहत होती. मोकळी मैदाने व चालण्याजोगे पदपथ अशा दाटीत दुर्मीळ होतात. शेजारच्या अंबरनाथमध्ये औद्योगिक वसाहत व आयुध निर्माणी आहे, तर बदलापूर हे मुख्यतः मुंबईकडे रोज प्रवास करणाऱ्या नोकरदारांचे शहर बनले आहे. या तिन्ही शहरांत राहणाऱ्यांचे व्यवसाय भिन्न असले, तरी दुकानाची गादी, शिलाई यंत्र, कारखान्यातील पाळी आणि लोकलचा लांब प्रवास या चार गोष्टींनी त्यांचा दिनक्रम घडवला आहे. पुढील विवेचनातील धोक्याचे घटक याच दिनक्रमाच्या चौकटीत पाहावयाचे आहेत.

५. आहारविषयक घटक :

५.१ तेल, वनस्पती तूप व पुन्हा तापवलेले तेल :
द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट निर्माण होतात. हे मेद दुहेरी हानी करतात. ते एलडीएल वाढवतात आणि हितकारक एचडीएल कमी करतात. स्वस्त, टिकाऊ व रवाळ असल्यामुळे वनस्पती तूप अनेक दशके बेकरीची खारी, बटर, नानखटाई व मिठाई यांत वापरले गेले. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल व वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के व जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. ही स्वागतार्ह सुधारणा होय. मात्र कायद्याने पिशवीतील तूप सुधारले, तरी कढईतील तेलाचा प्रश्न उरतोच.

तेच तेल पुनःपुन्हा तापवल्यास त्याचे विघटन होऊन ध्रुवीय संयुगे तयार होतात. अशा संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. वड्याच्या गाडीवर हे मोजण्याचे साधन क्वचितच असते. काळपट रंग, चिकटपणा, फेस व लवकर येणारा धूर या खुणांवरून ग्राहकाने स्वतःच अंदाज बांधावा लागतो. घरातही सणाच्या तळणीनंतर उरलेले तेल गाळून ठेवण्याची व दुसऱ्या दिवशी त्यात ताजे तेल ओतून पुन्हा तळण्याची रीत आहे. यात काटकसर असली, तरी ती आरोग्याला महाग पडते. असे तेल एकदाच, फोडणीपुरते, एक-दोन दिवसांत संपवावे व पुन्हा तळणीसाठी वापरू नये.

साजूक तूप, लोणी व पामतेल यांतील संपृक्त मेदाचे प्रमाणही मर्यादित ठेवणे आवश्यक असते. तेल कोणत्याही बियांचे असले, तरी त्याचे प्रमाण माणशी दिवसाला २० ते ३० ग्रॅमच्या आत असावे. चार माणसांच्या घरात सरासरी २५ ग्रॅम धरल्यास महिन्याला सुमारे ३ किलो, म्हणजे साधारण ३.३ लिटर तेल होते. महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत पाच लिटरचा डबा असेल व तो महिनाअखेरीस रिकामा होत असेल, तर त्या घराला वेगळ्या तपासणीची गरज नाही. यादीनेच निदान केलेले असते.

५.२ मीठ, पापड व लोणचे :
जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. भारतीयांचे सेवन त्याच्या सुमारे दुप्पट असल्याचे विविध अभ्यासांत आढळले आहे. मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, त्यामुळे रक्तवाहिन्यांतील दाब वाढतो. वाढलेला दाब धमन्यांच्या अस्तराला इजा करतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो.

उल्हासनगरच्या संदर्भात पापडाचा स्वतंत्र विचार करणे क्रमप्राप्त आहे. सिंधी घरात आलेल्या पाहुण्यापुढे पापड व पाणी ठेवण्याची प्रथा आहे. पापड लाटण्याच्या गृहउद्योगाने निर्वासित कुटुंबांतील असंख्य स्त्रियांना उदरनिर्वाहाचे साधन दिले. पापडाचे सांस्कृतिक व आर्थिक मोल त्यामुळे निर्विवाद आहे. परंतु पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो व पापडखार हादेखील सोडियमचाच क्षार आहे. 'तळलेला नको, भाजलेला चालेल' असे सांगितले जाते. भाजल्याने तेल वाचते, सोडियम नव्हे. हीच गोष्ट लोणचे, ठेचा, शेव, फरसाण, सुके मासे व वड्याबरोबर मिळणारी तळलेली खारी मिरची यांना लागू पडते. सैंधव मीठ निर्धोक असल्याचा समजही असाच निराधार आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते.

घरातील मिठाचे प्रमाण ओळखण्याची रीत सोपी आहे. माणशी ५ ग्रॅमप्रमाणे चार माणसांना दिवसाला २० ग्रॅम मीठ लागेल. म्हणजे एक किलोची पिशवी ५० दिवस पुरली पाहिजे. पिशवी आणली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहून ठेवल्यास दोन महिन्यांत कुटुंबाचा कल कळून येतो. पापड, लोणचे व बाहेरच्या पदार्थांतील मीठ या हिशेबाबाहेरचे असते, हे लक्षात घेता पिशवी प्रत्यक्षात त्याहूनही अधिक दिवस पुरावयास हवी.

५.३ मैदा, साखर व चहा :
पाव, खारी, बिस्किटे, पकवान व समोसा हे मैद्याचे पदार्थ रक्तातील साखर त्वरेने वाढवतात. अतिरिक्त साखरेचे यकृतात मेदात रूपांतर होऊन ट्रायग्लिसराइड वाढतात व पोटाचा घेर वाढतो. एका कप चहात दोन चमचे साखर व दिवसाला पाच कप चहा असा हिशेब केल्यास सुमारे ४० ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वरून घातलेल्या साखरेसाठी दिवसाला सुमारे २५ ग्रॅमची मर्यादा सुचवलेली आहे. दुकानदार व शिलाई कारागीर यांच्यासाठी चहा हेच विश्रांतीचे निमित्त असते. त्यामुळे चहा सोडण्यापेक्षा प्रत्येक कपातील साखर निम्मी करणे अधिक व्यवहार्य ठरते.

५.४ भाज्या, फळे व पारंपरिक आहार :
दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खाणे हितावह मानले जाते. त्यांतील पोटॅशियम रक्तदाब उतरवण्यास मदत करते, तर तंतू कोलेस्टेरॉलचे शोषण कमी करतात. या दृष्टीने येथील दोन्ही प्रमुख खाद्यपरंपरा समृद्ध आहेत. पालक, आंबट चुका व चणाडाळ एकत्र शिजवून केलेली सिंधी साई भाजी, भेंडी-शेवगा-गवार घातलेली सिंधी कढी, तसेच मराठी घरातील ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी व आमटी हे पदार्थ हृदयाला पोषक आहेत. धोका परंपरेतून आलेला नाही. सणावारी होणारे पदार्थ रोजचे झाले आणि रोजचे पदार्थ मागे पडले, यातून तो आलेला आहे. दाल पकवानातील दाल उत्तमच आहे. ती पकवानाऐवजी पोळीसोबत खाल्ल्यास धोक्याचा मोठा भाग टळतो.

६. जीवनशैलीविषयक घटक :

६.१ बैठेपण :
लंडनमधील बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा जेरी मॉरिस व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने सतत चढ-उतर करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. दोघांचे वेतन, वस्ती व आहार बराचसा सारखा असतानाही शारीरिक हालचालींनी हा फरक घडवला होता. हा दाखला येथील परिस्थितीस तंतोतंत लागू पडतो. गल्ल्यावर बसणारा दुकानदार आणि माल उचलणारा हमाल, शिलाई यंत्रावरील कारागीर आणि फिरता विक्रेता यांच्यातही असाच फरक असतो.

विठ्ठलवाडी ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ५६ किलोमीटर आहे. दोन्ही वेळचा प्रवास धरल्यास दिवसाचे तीन तास गाडीत जातात. हा प्रवास थकवतो खरा, परंतु उभे राहण्याचा शीण म्हणजे व्यायाम नव्हे. घर ते स्थानक हे अंतरही शेअर रिक्षाने कापले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाच्या शारीरिक हालचालींची शिफारस केली. जाताना १५ मिनिटे व येताना १५ मिनिटे भरभर चालल्यास पाच दिवसांत बरोबर १५० मिनिटे होतात. ज्या शहरात व्यायामासाठी मैदान नाही व नोकरदाराला वेळ नाही, तेथे स्थानकाची वाट हेच मैदान मानावे लागेल.

६.२ तंबाखू व मद्य :
२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत होते. त्यांपैकी बहुसंख्य धूरविरहित तंबाखू वापरणारे होते. मळून खाल्लेला तंबाखू फुप्फुसात जात नाही म्हणून तो हृदयाला अपाय करीत नाही, अशी समजूत आहे. 'इंटरहार्ट'च्या तंबाखूविषयक विश्लेषणात मात्र तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. निकोटिन हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढवते, मग ते धुरातून येवो वा गालातून. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. परंतु पानमसाला व तंबाखू वेगवेगळे घेऊन मिसळण्याची पळवाट निघाली. स्त्रियांमधील मिशरीचे व्यसन तर 'दात घासणे' या नावाखाली व्यसन म्हणून मोजलेच जात नाही. धूम्रपान सोडल्यापासून एका वर्षात हृदयविकाराचा अतिरिक्त धोका जवळपास निम्मा होतो, ही बाब प्रत्येक व्यसनी व्यक्तीपर्यंत पोहोचली पाहिजे. नियमित मद्यपानामुळे रक्तदाब व ट्रायग्लिसराइड वाढतात आणि त्याबरोबरचा खारट-तळलेला 'चखना' त्यात भर घालतो.

६.३ झोप, पाळी, ताण व हवा :
रात्रपाळी व सतत बदलणारी पाळी यांमुळे शरीराचे दैनिक चक्र बिघडते, रक्तदाब रात्री जितका उतरावयास हवा तितका उतरत नाही आणि अवेळी खाणे वाढते. पहाटेची लोकल पकडणारा व रात्री दहाला जेवणारा नोकरदार पाळीत नसूनही याच बिघाडाचा भाग असतो. उधारी, कर्जाचे हप्ते व धंद्यातील मंदी यांचा ताण हा स्वतंत्र धोक्याचा घटक आहे. परंतु सर्व दोष ताणावर टाकण्याची प्रवृत्ती घातक ठरते; कारण त्यामुळे वाढलेला रक्तदाब व तोंडातील तंबाखू यांकडे दुर्लक्ष होते. वाहने व कारखाने यांच्यामुळे हवेत मिसळणारे सूक्ष्म कणही रक्तवाहिन्यांचा दाह वाढवतात. यावर वैयक्तिक उपाय मर्यादित आहेत. ती शासन, महापालिका व उद्योग यांची जबाबदारी होय.

७. बारीक अंगकाठीचा भ्रम :
मराठी समाजात सुटलेले पोट हे 'खात्यापित्या घरचे' लक्षण मानले गेले, तर बारीक व्यक्ती निरोगी समजली गेली. हे दोन्ही समज तपासून पाहण्याजोगे आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या 'बारीक पण मेदयुक्त' शरीररचनेचा अनेक वर्षे अभ्यास केला. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ असा समान होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के मेद होता. वजनकाट्यावर सारख्या ठरणाऱ्या दोन शरीरांतील हा फरक बोलका आहे. भारतीयांत हा मेद पोटाभोवती व अंतर्गत अवयवांभोवती साठण्याकडे कल असतो आणि त्यातून मधुमेह व हृदयविकार संभवतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे.

यावरून वजनापेक्षा कमरेचा घेर अधिक सूचक ठरतो. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते. शिलाईची टेप ज्या शहरात घरोघरी सापडते, तेथे ही तपासणी बिनखर्चाची आहे.

८. स्त्रियांचे दुर्लक्षित आरोग्य :
हृदयविकार हा पुरुषांचा आजार असल्याचा समज स्त्रियांना विशेष घातक ठरतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमधील धोका झपाट्याने वाढतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २१ टक्के स्त्रिया व २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला अथवा त्यासाठी औषध चालू असल्याचे आढळले. हा फरक फार मोठा नाही. सर्वांचे झाल्यावर उरलेले शिळे-तळलेले खाणे, उपवासाचे साबुदाणा व बटाट्याचे पदार्थ, घरबसल्या शिलाई किंवा पापड लाटण्याचे तासन्तास बैठे काम आणि दुखणे अंगावर काढण्याची सवय यांमुळे स्त्रीचा आजार उशिरा उघडकीस येतो. शिवाय स्त्रिया व मधुमेही रुग्ण यांच्यात छातीतील तीव्र वेदनेऐवजी धाप, अतिथकवा, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे अशी लक्षणे दिसू शकतात.

९. लक्षणांचा चुकीचा अर्थ व दिरंगाई :
छातीत दडपण, डावा हात, जबडा किंवा पाठीत पसरणारी वेदना, दरदरून घाम, धाप व पोटाच्या वरच्या भागातील जळजळ ही झटक्याची प्रमुख लक्षणे आहेत. परंतु 'गॅस झाला', 'पित्त झाले' असे म्हणून सोडा, ओवा किंवा आम्लपित्ताची गोळी घेण्यात मोलाचा वेळ जातो. गुठळी विरघळवण्याचे औषध जितके लवकर मिळेल, तितका हृदयाचा स्नायू अधिक वाचतो. पहिल्या काही तासांचे मोल त्यामुळे सर्वाधिक असते. पंधरा-वीस मिनिटांत न थांबणारे छातीतील दडपण, विशेषतः घामासह असल्यास, ते हृदयाचे आहे असे समजूनच ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात जावे. रुग्णाला चालवत किंवा दुचाकीवर बसवून नेऊ नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

१०. प्रतिबंधाची दिशा :
उपरोक्त विवेचनाच्या आधारे प्रतिबंधाचे उपाय पुढीलप्रमाणे मांडता येतात.

१) वयाच्या तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब व रक्तातील साखर, तसेच वैद्यकीय सल्ल्यानुसार कोलेस्टेरॉल तपासावे. रक्तदाब सातत्याने १४०/९० किंवा अधिक अथवा उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक आढळल्यास त्वरित उपचार सुरू करावेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले.
२) 'आता बरे वाटते' म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नये. गोळीमुळेच दाब आटोक्यात असतो.
३) चार माणसांच्या घरात मिठाची एक किलोची पिशवी ५० दिवस व तेल महिन्याला सुमारे ३.३ लिटर, हे मोजमाप स्वीकारावे. कमी सोडियमचे मीठ रक्तदाबात उपयुक्त ठरते, परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते घेऊ नये.
४) तळलेले पदार्थ रोजच्या न्याहारीतून सणावारी व क्वचित प्रसंगी न्यावेत. पोहे, उपमा, भाकरी, उसळ, भाजलेले चणे व शेंगदाणे हे स्वस्त पर्याय आहेत.
५) स्थानक, बाजार व शाळा येथपर्यंतचे अंतर पायी जावे. बैठे काम करणाऱ्यांनी दर तासाने काही मिनिटे उठून चालावे.
६) महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून कमरेचा घेर व रक्तदाब मोजण्याची शिबिरे वस्तीपातळीवर घ्यावीत. व्यापारी संघटनांनी दुकानांतील कामगारांना त्यात सहभागी करून घ्यावे.
७) महापालिकेने अतिक्रमणमुक्त पदपथ व मोकळ्या जागा उपलब्ध करून देणे, हाही हृदयविकार प्रतिबंधाचाच कार्यक्रम मानावा.

११. निष्कर्ष :
हृदयविकाराचे धोक्याचे घटक एकेकटे येत नाहीत. उशिरा सुटणारे काम, त्यामुळे बाहेरचे खाणे, त्यातील तेल-मीठ, थकवा घालवण्यासाठी तंबाखू, अपुरी झोप व चालण्याचा अभाव अशी त्यांची साखळी बनते. उल्हासनगर कॅम्प ४ सारख्या वस्तीत ही साखळी कष्टाच्या दिनक्रमातूनच निर्माण होते, चैनीतून नव्हे. त्यामुळे 'पथ्य पाळा' एवढा उपदेश अपुरा ठरतो. दिनक्रमातील कोणती कडी प्रथम सोडवता येईल, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावयास हवा. साखळीतील एक कडी निसटली तरी इतर कड्या सैल होतात. जो चालू लागतो त्याची झोप सुधारते, जो तंबाखू सोडतो त्याचा रक्तदाब उतरण्यास मदत होते.

शून्यातून पुन्हा उभे राहण्याचा वारसा या शहराला लाभला आहे. बराकीतून बाजारपेठ उभी करणाऱ्या पिढ्यांनी जे कष्टाने कमावले, ते पुढील पिढीला ऐन उमेदीच्या वयात गमवावे लागू नये, यासाठी लागणारे ज्ञान आज उपलब्ध आहे आणि त्याची साधनेही महाग नाहीत. मिठाच्या पिशवीवर लिहिलेली तारीख, कमरेभोवती धरलेली टेप, दंडावर बांधलेला रक्तदाबाचा पट्टा व स्थानकापर्यंतची पायी वाट एवढ्यावर या प्रयत्नाचा प्रारंभ होऊ शकतो.